दोन पिढ्यांची तिकिटं

आमच्या घरात तिकिटांचा उद्योग दोन पिढ्या चालू आहे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, एसटीत कंडक्टर होते. ३१ वर्षं त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या घाटांतून आणि फुफाट्यातून डुलत डुलत तिकिटं फाडली. आणि मी? मी २०११ साली पीएच.डी. करायला अमेरिकेत आलो आणि तिकिटं गोळा करायला लागलो. फरक एवढाच की अण्णांनी दिलेल्या तिकिटावर माणूस कुठेतरी पोचायचा. मला मिळतं त्या तिकिटावर माणूस जागच्या जागी खाली बसतो, डोक्याला हात लावून.

इथे 'तिकीट' म्हणजे दंडाची पावती. गाडी चुकीच्या जागी लावली, चुकीच्या वेळी लावली, किंवा बरोबर जागी बरोबर वेळी लावून पाच मिनिटं उशिरा परत आलात, की वायपरखाली एक छोटासा लिफाफा तुमची वाट बघत असतो. लांबून तो पांढरा कोपरा दिसला की पोटात गोळा येतो. दहावीच्या निकालाला आला नव्हता एवढा.

भारतात असताना माझी समजूत अशी होती की अमेरिका म्हणजे जागाच जागा. गाडी कुठेही लावा, कोण विचारतो? गावाबाहेरच्या मोठ्या दुकानांपुरती ही समजूत खरी आहे. तिथल्या पार्किंगमध्ये आमच्या गावची अख्खी जत्रा भरेल आणि वर पाळण्याला जागा उरेल. पण शहराच्या मध्यात आणि विद्यापीठाच्या आसपास गाडी लावायची तर जागा शोधण्याआधी पाट्या वाचायला शिकावं लागतं.

माझं पहिलं तिकीट मला अजून आठवतं. मायदेशी परत निघालेल्या एका सीनियरकडून मी २२०० डॉलरला एक म्हातारी टोयोटा घेतली होती. पहिल्याच संध्याकाळी ती घरासमोर लावली. घर रस्त्याच्या डाव्या हाताला होतं, म्हणून डावीकडेच लावली. सकाळी बघतो तर २५ डॉलरचा दंड! कारण काय, तर गाडीचं तोंड वाहतुकीच्या उलट दिशेला. मी अवाक. उभ्या गाडीला कसली आलीये दिशा? आमच्याकडे तर एका गल्लीत गाड्या दशदिशांना तोंडं करून उभ्या असतात आणि अकरावी गाडी मध्ये आडवी.

नंतर कळलं की यालाही कारण आहे. उलट लावलेली गाडी बाहेर काढताना तुम्ही समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर जाता. शिवाय गाडीच्या पाठीमागे लाल परावर्तक असतात ते रात्री मागून येणाऱ्याच्या दिव्यात चमकतात. गाडी उलटी लावली की तो इशारा भलत्याच बाजूला जातो. कारण पटलं. पण २५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने बाराशेच्या आसपास रुपये, हे पटायला फार जड गेले. विद्यार्थ्याच्या स्टायपेंडमध्ये तेवढ्यात माझी आठवड्याची भाजी आणि दूध यायचं.

मग सुरू झालं पाट्यांचं शिक्षण. आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या रस्त्यावर एका खांबावर एकाखाली एक चार पाट्या होत्या. पहिली: दोन तास पार्किंग, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, सोमवार ते शुक्रवार. दुसरी: परवानाधारक रहिवासी वगळून. तिसरी: महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी सकाळी रस्ता झाडायचा असल्याने पार्किंग बंद. चौथी: बर्फाची आणीबाणी जाहीर झाल्यास गाडी उचलून नेली जाईल. मी खरोखर कागदावर त्याचा फ्लोचार्ट काढला होता. आमच्या गाईडने तो पाहिला आणि म्हणाले, "तुझ्या प्रबंधातल्या आकृतीपेक्षा ही बरी आहे."

पुणेकर म्हणतील, यात काय विशेष? आमच्याकडे पी-१ पी-२ आहेच की! सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला. खरंय. न्यूयॉर्कलाही झाडणाऱ्या गाडीसाठी ठरलेल्या वारी एकेक बाजू रिकामी ठेवावी लागते. (तिथे वर्षातल्या काही सणांना ही अट स्थगित असते आणि त्या यादीत दिवाळीसुद्धा आहे! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी न्यूयॉर्कच्या मराठी माणसाला गाडी हलवायला पहाटे उठावं लागत नाही.) पण पुण्यात चुकलं तर गाडी उचलणाऱ्या पोरांशी बोलता येतं, हातापाया पडता येतं, "साहेब, आत्ताच लावली हो" म्हणता येतं. इथे वायपरखालच्या कागदाशी काय बोलणार?

पाण्याच्या बंबाची गोष्ट वेगळीच. फुटपाथवर लाल-पिवळे बुटके नळ असतात, आग लागली की बंबवाले त्याला पाइप जोडतात. त्याच्यापासून पुष्कळ राज्यांत १५ फूट लांब गाडी लावायची. मी एकदा पावलांनी मोजून लावली, तरी तिकीट. माझी पावलं बारा इंचांची नाहीत, हे मला तेव्हा ४० डॉलरला कळलं. मात्र नळासमोर लावलेल्या गाडीच्या दोन्ही काचा फोडून अग्निशामकांनी आरपार पाइप नेल्याचे फोटो पाहिल्यापासून मी तिथे वीस फूट सोडतो.

आता मी मूळचा संशोधक, त्यामुळे जे छळतं त्याच्या मुळाशी जायची खोड. हा पार्किंग मीटर आणला कोणी? तर १६ जुलै १९३५ रोजी ओक्लाहोमा सिटीत जगातला पहिला मीटर बसला. कल्पना कार्ल मॅगी नावाच्या एका वृत्तपत्रवाल्याची आणि यंत्र तयार केलं त्याच राज्यातल्या एका कॉलेजातल्या होल्गर थ्यूसेन आणि जेराल्ड हेल या इंजिनियर मंडळींनी. म्हणजे आमच्याच जातभाईंनी! तासाला पाच सेंट. मूळ तक्रार अशी की दुकानांत काम करणारेच सकाळी दारासमोर गाड्या लावून ठेवत आणि गिऱ्हाइकांना जागाच मिळत नसे. पैसे लावले तशा गाड्या हलायला लागल्या.

वीस वर्षांनी, १९५५ साली, डेन्वर शहराने दंड न भरणाऱ्यांच्या चाकाला लोखंडी जबडा लावायला सुरुवात केली. तो शोधणारा फ्रँक मारग हा तिथल्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा! माणूस व्हायोलिन वाजवतो आणि फावल्या वेळात जगाच्या चाकांना बेड्या घालतो, याला काय म्हणावं?

आणि खडूचं ऐका. मीटर नसलेल्या रस्त्यावर गाडी किती वेळ उभी आहे हे कळावं म्हणून तपासणारे टायरवर खडूची खूण करून जात आणि दोन तासांनी येऊन बघत. मिशिगनमधल्या सॅगिनॉ गावात एका बाईंना अशी तीन वर्षांत १५ तिकिटं मिळाली. बाई कोर्टात गेल्या. २०१९ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, की टायरवर खडू ओढणं ही राज्यघटनेच्या अर्थाने 'झडती' आहे! २०२२ साली दुसऱ्या एका अपील न्यायालयाने सॅन डिएगोच्या खटल्यात नेमका उलट निकाल दिला. म्हणजे खडू घटनाबाह्य आहे की नाही, हे गाडी देशाच्या कुठल्या भागात लावली आहे त्यावर ठरतं. असो.

आता माझ्या बदमाशीची गोष्ट. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका सकाळी उठून पाहतो तर गाडीच नाही. जिथे गाडी होती तिथे स्वच्छ काळा रस्ता आणि दोन्हीकडे बर्फाचे ढीग. मी पोलिसांना फोन केला, "गाडी चोरीला गेलीये." पलीकडच्या बाईंनी नंबर विचारला आणि शांतपणे सांगितलं, "चोरीला नाही गेली, आम्ही नेली." आदल्या रात्री बर्फाची आणीबाणी जाहीर झाली होती. दंड, उचलून नेण्याचा खर्च आणि जागेचं भाडं मिळून १९० डॉलर. माझा नांदेडचा रूममेट भला माणूस, त्याने पैसे दिले आणि वर सल्लाही दिला, "अपील कर. पाटी बर्फाने झाकली होती म्हणून लिही. कोण बघायला येतंय?"

बर्फ होता हे खरं. पण पाटीवर नव्हता. मी तसं लिहिलं आणि दंडापुरते ५० डॉलर माफ झाले! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पुढची कित्येक वर्षं मी ही हकिगत प्रत्येक पॉटलकला रंगवून सांगायचो. प्रत्येकाकडे अशी एक तरी गोष्ट असायचीच. कुणी गर्भवती बायकोला पुढे केलेलं, कुणी न झालेला अपघात. परदेशात येऊन आम्ही त्यांचे नियम शिकलो आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांतल्या फटी.

त्याच सुमारास एक शोधनिबंध वाचनात आला. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुत्सद्द्यांची पार्किंगची तिकिटं अभ्यासली होती. मुत्सद्द्यांना दंड वसुलीपासून संरक्षण होतं, त्यामुळे तिकीट मिळालं तरी भरायची सक्ती नाही. १९९७ ते २००२ या पाच वर्षांत दीड लाखांहून जास्त तिकिटं थकली, १ कोटी ८० लाख डॉलरची! पण गंमत पुढे आहे. काही देशांची थकबाकी दर माणशी शंभराच्या वर, आणि नॉर्वे, स्वीडन, कॅनडा, जपान यांची शून्य. शहर तेच, नियम तोच, सूट तीच. मग २००२ साली शहराने थकबाकीदारांच्या खास नंबरप्लेट काढून घ्यायला सुरुवात केली आणि नियमभंग जवळपास ९८ टक्क्यांनी कमी झाले!

हा निबंध मी दोनदा वाचला. म्हणजे बहुतेकांना शिस्त लावते ती शिक्षेची खात्री. पण शिक्षा नसतानाही शून्यावर राहणारे काहीजण असतातच. मी कुठल्या रांगेतला, हा प्रश्न मनात आला होता, नाही असं नाही. पण माझ्याकडे ती ५० डॉलरची गोष्ट होती आणि ती सांगितली की लोक हसायचे. त्यामुळे तो प्रश्न मी बाजूला सारला.

२०१९ च्या उन्हाळ्यात आई-अण्णा पहिल्यांदा अमेरिकेत आले. तोपर्यंत मी नोकरीला लागून पूर्वेकडच्या एका मोठ्या शहरात आलो होतो. अण्णांना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण अंगातला कंडक्टर गेला नव्हता. बस दिसली की आधी पाटी वाचायचे. इथल्या सिटी बसमध्ये कंडक्टरच नाही हे पाहून दोन दिवस हळहळले. "मग बेल कोण मारतं?"

एका शनिवारी आम्ही भारतीय वाणसामानाच्या दुकानात गेलो. रस्त्यावर मीटरची जागा मिळाली, फोनवरून तासाभराचे पैसे भरले. अण्णा म्हणाले, मी बाहेर बाकावर बसतो. आत आईने एकेक वांगं हातात घेऊन त्याची देठापासून चौकशी सुरू केली. मग कोथिंबीर. मग तिला हिंगाची आपली डबी दिसली आणि तिला माहेर भेटल्यासारखं झालं. आम्ही पिशव्या घेऊन बाहेर आलो तर अण्णा बाकावर हसतमुख आणि त्यांच्या हातात पांढरा लिफाफा!

"बाई चांगली हाय," अण्णा म्हणाले. "गाडीभोवती एक चक्कर मारली, नंबर बघितला, मशीनवर टाईप केला आन् टर्रर्र करून पावती काढली. आमच्याकडं शेवटाला मशिनी आल्या हुत्या, तसलीच. मी तिला हातानं करून दाखवलं की म्या बी ह्येच काम करत हुतो. लई हसली. मला म्हणाली, हॅव अ नाइस डे."

३५ डॉलर. माझं डोकंच फिरलं. "अण्णा, तिला थांबवायचं ना! मला फोन करायचा. दोन मिनिटांत आलो असतो. नाहीतर म्हणायचं, मुलगा येतोच आहे म्हणून."

अण्णांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "तू एक तासाचं भरलं हुतंस. बाई आली तवा वर अकरा मिनटं झाली हुती. मी घड्याळ लावून बसलो हुतो." आणि मग अगदी मनापासून त्यांनी विचारलं, "मग तिला कशापायी थांबवायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आईच्या वांग्यांवर घसरलो.

रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडून अपील लिहायला बसलो. हात बसलेला होता. 'माझे वृद्ध वडील भारतातून आले आहेत. दुकानात असताना त्यांना उन्हाने चक्कर आली. त्यांना पाणी देऊन सावध करेपर्यंत उशीर झाला…' चार ओळी झाल्या असतील. अण्णा शेजारी येऊन बसले. "काय लिवतोयस?"

मी हसत हसत मराठीत वाचून दाखवलं. मला वाटलं, पॉटलकमधल्या लोकांसारखे तेही हसतील. अण्णा गप्प राहिले. मग म्हणाले, "मला कवा चक्कर आली?"

मी म्हटलं, "अहो अण्णा, इथे सगळे असंच लिहितात. कोणी तपासत नाही."

"तपासणारा त्या दिवशी बी आला नव्हता."

त्या दिवशी म्हणजे कुठल्या, हे मला विचारावं लागलं नाही. अठरा वर्षांपूर्वीचा दिवस होता तो. मी आठवीत होतो. शाळा तालुक्याच्या गावाला, जायला एसटी, विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास. महिना संपला होता, पास संपला होता आणि मी नवा काढायला विसरलो होतो. एरवी त्या गाडीवर दुसरेच कंडक्टर असायचे, ते चेहरे ओळखायचे, पास बघायचेही नाहीत. त्या दिवशी नेमके बदलीवर अण्णा आले. मला वाटलं, चला, आज तर घरचीच गाडी! मित्रांनाही तसं बोललो.

अण्णा आमच्या बाकापाशी आले. पास बघितला. "संपलाय." मी हळूच म्हटलं, "अण्णा…" तर चारचौघांत म्हणाले, "तिकीट काढा." मला, स्वतःच्या मुलाला, 'काढा'! माझ्याकडे पैसे नव्हते. त्यांनी स्वतःच्या सदऱ्याच्या खिशातून नाणी काढली, मोजली, कातडी पिशवीत टाकली, पेटीतून तिकीट काढून चिमट्याने भोक पाडलं आणि माझ्या हातात दिलं. सगळी गाडी बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. खरं सांगायचं तर ती अढी पुरती कधीच गेली नव्हती. माझ्या दृष्टीने अण्णा म्हणजे नियमापुढे पोरगं न ओळखणारा माणूस.

"तुम्ही मला त्या दिवशी सोडलं असतं तर काय बिघडलं असतं हो?" अठरा वर्षांनी मी विचारलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

अण्णा म्हणाले, "सगळ्यात मागच्या बाकावर तुमच्याच शाळेचं एक पोरगं हुतं. त्याचा बी पास संपल्याला. त्याला मी आदल्याच फाट्यावर तिकीट दिलं हुतं. मग तुला फुकट कसा सोडू? त्यानं काय समजायचं?"

"त्याच्याकडे पैसे होते?"

"न्हाई. त्याचं बी मीच भरलं."

मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसलो. ही गोष्ट माझ्या लेखी अठरा वर्षं एका बाजूने लिहिलेली होती. त्या मुलाच्या तिकिटाचं अण्णांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं कदाचित, पण मी रुसून बसलो होतो.

मी चार ओळी खोडल्या आणि ३५ डॉलर भरले. "म्हंजे आपलं किती?" अण्णांनी विचारलं. मी सांगितलं, साधारण चोवीसशे रुपये. ते एकदम सावरून बसले. "आरं बाबा! एवढ्यात तर आमच्या लायनीला पोरासोरांची अख्खी गाडी जाऊन आली असती." मग पावती छापून मागितली आणि घडी घालून डायरीत ठेवली. एसटीत हिशेब चुकता केल्याशिवाय झोपायची सवय नव्हती त्यांना.

तुम्ही म्हणाल, म्हणजे आता तुम्ही अमेरिकेच्या कडक कायद्याचे भक्त झालात. तसं नाही. नुसता कडकपणा कुठे जातो तेही मी इथे वाचलं आहे. मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावावर अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात एका कृष्णवर्णीय बाईची हकिगत आहे. २००७ साली तिने एकदा, फक्त एकदा, गाडी चुकीची लावली. दोन तिकिटं, १५१ डॉलर दंड आणि वर शुल्क. बाई गरीब, अधूनमधून बेघर. तारखा चुकल्या, हप्ते चुकले, प्रत्येक चुकीला नवा दंड. तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस तुरुंगात काढावे लागले. सात वर्षांत तिने ५५० डॉलर भरले होते आणि तरी ५४१ बाकी होते! गाडी चुकीची लावली म्हणून. त्या गावाने दंडाला उत्पन्नाचं साधन केलं होतं, असा अहवालाचा निष्कर्ष होता.

नियम तिथेही पाळला जात होताच. कुणी म्हणेल, अण्णांनी तरी वेगळं काय केलं? तिकीट तर फाडलंच. पण मला आता फरक दिसतो. अण्णांनी नियम सोडला नाही आणि पोरालाही वाटेत उतरवलं नाही. तिकीट दोघांना लागलं, स्वतःच्या मुलाला आणि परक्याच्याही, आणि ज्यांच्याकडे नव्हतं त्यांचं त्यांनी खिशातून भरलं. प्रत्येक सरकारी माणसाने खिशात हात घालावा असं मी म्हणत नाही. पण दंडाच्या पावतीमागे एक माणूस उभा आहे, हे नियम करणाऱ्याला दिसायला हवं. इथे प्राध्यापकालाही ३५ आणि त्याच्या खोलीतला केर काढणाऱ्यालाही ३५. प्राध्यापक रात्री विसरून जातो. दुसऱ्याचा आठवडा बिघडतो. माझा बिघडायचा, मला माहीत आहे.

आणि दुसऱ्या टोकाला आपण. आपल्याकडे माणूस दिसतो, फारच दिसतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्या ओळखीचा असतो. मग नियम उरतो तो मागच्या बाकावरच्या पोरासाठी.

माझी पॉटलकमधली गोष्ट त्यानंतर मी सांगितलेली नाही. तिकिटं मात्र मिळतात. सवय जाता जात नाही, शिवाय या शहराच्या पाट्याही अजून मला पूर्ण वाचता येत नाहीत. मागच्या महिन्यातलंच सांगतो. मीटरच्या यंत्रावर पैसे भरताना मी गाडीच्या नंबरमध्ये शून्याच्या जागी 'ओ' हे अक्षर दाबलं. पैसे गेले, पण भलत्याच गाडीच्या नावावर. बाहेर आलो तर लिफाफा. मी अपील केलं. खरं खरं लिहिलं: चूक माझी आहे, पैसे भरल्याची ही पावती, त्यावर वेळ बघा, नंबर बघा, एक अक्षर चुकलं आहे. बर्फ नाही, चक्कर नाही. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: दंड निम्मा केला आहे.

रविवारी नेहमीप्रमाणे फोन झाला. अण्णा पहिला प्रश्न हाच विचारतात, "ह्या महिन्यात काय तिकीट?" मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "खरं लिहिलं अण्णा, तर अर्धं तिकीट लागलं."

पलीकडून खोकल्यासारखा हसण्याचा आवाज आला. "अर्धं तिकीट बारा वर्षांखालच्या पोराला असतंय. तुला कसं लागलं रं?"